झोआब

पाऊस कोसळतोय, पुढे भरधाव ट्रक आहे, तरी त्याच्या चाकांमागे पाण्याचा धुरळा फारसा उडत नाही. नेदरलँड्सच्या महामार्गांवर ही किमया करतो झोआब, तिथलं सच्छिद्र डांबर. देशातल्या मुख्य महामार्गांपैकी 90 टक्क्यांहून अधिक लांबीवर आज तोच पसरला आहे.

दिसायला काळा, खरबरीत, आतून पोकळ. नेहमीच्या घट्ट डांबरी थरात पोकळी 4-5 टक्के, याच्यात किमान 20. वाळू अगदी थोडी, जाड खडी भरपूर. चुरमुऱ्याचा लाडू गुळाच्या पाकावर उभा असतो, तशी ही खडी डांबराच्या पातळ लेपावर एकमेकींना धरून असते. पाणी वर साचत नाही, आत उतरतं. खाली पाणी न झिरपणारा थर. त्याच्या उतारावरून ते मुकाट कडेला जातं. हे सगळं जेमतेम पाच सेंटीमीटर जाडीत! चाकाखाली दबणारी हवाही याच पोकळ्यांत शिरते, म्हणून आवाज सुमारे तीन डेसिबलने उतरतो. महामार्गालगत राहणाऱ्यांसाठी हे निम्मी वाहनं कमी झाल्यासारखंच.

पण ज्या पोकळीने तो तारतो, तीच त्याला खाते. हवा आणि पाणी डांबराला आतूनही गाठतात. डांबर कडक होतं, खडी सुटू लागते. जड ट्रकांच्या लेनमध्ये दहा-बारा वर्षांत त्याचं आयुष्य सरतं. हिवाळ्यात बर्फ वितळवायला त्याला मीठही जास्त लागतं. वेगाने धावणारी चाकं त्याची छिद्रं आपोआप साफ ठेवतात, पण कडेची आपत्कालीन लेन बुजते. ती दाबाच्या पाण्याने धुवावी लागते. शिवाय पावसात स्पष्ट दिसतं म्हणून चालक वेग वाढवतात आणि अपघात अपेक्षेइतके घटत नाहीत. हा दोष मी त्याच्या माथी मारणार नाही.

त्याला जगवण्यासाठी माणसं झटतात, याचं मला फार कौतुक आहे. तिथल्याच डेल्फ्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी डांबरात पोलादाचे बारीक तंतू मिसळले. ते इंडक्शनने तापवले की डांबर मऊ होऊन केसासारख्या भेगा बुजतात. 2010 मध्ये फ्लिसिंगनजवळ ए-58 महामार्गावर असा एक तुकडा प्रत्यक्ष टाकला गेला.

आपल्याकडे, चिखलाची चाकं आणि तुंबलेली गटारं असलेल्या शहरी रस्त्यांवर त्याला आणू नये. तिथे तो गुदमरेल. द्रुतगती मार्गासाठी जरूर विचार करावा, पण कडेचा निचरा आणि धुण्याचा खर्च आधी अंदाजपत्रकात लिहावा.