टोपी डोळ्यांवर ओढून

चि. अभय,


तुझं पत्र मंगळवारी मिळालं. विचारलंस एवढंच, की 'मेलन्कली'ला मराठीत कोणता शब्द वापरू, व्याख्यान पंधरवड्यावर आलंय. पण पुढे सहज लिहून गेलास, की 'तसं पाहिलं तर ती शेक्सपिअरच्या काळातल्या खात्यापित्या घरच्या पोरांची फॅशनच होती'. आणि त्याच्याही खाली, की हल्ली रात्री तीन-तीन वाजेपर्यंत वाचत बसतोस, झोप लागत नाही, 'पण ते असो'. ही दोन वाक्यं एकाखाली एक वाचली आणि दोन दिवस माझं कशात लक्ष लागलं नाही. ते असो कसं असेल रे?

आधी शब्दाचं. 'विषाद' घे. खिन्नता फार हलकी पडते, औदासीन्यात विरक्ती डोकावते. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ काळं पित्त. रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त असे शरीरात चार द्रव असतात आणि काळं वाढलं की माणूस भित्रा, खिन्न, झोप उडालेला होतो, असं तिकडचे वैद्य मानत. आपल्या त्रिदोषांशी त्याची सांगड घालायला जाऊ नकोस, घोळ होईल. आगरकरांनी १८८३ साली 'हॅम्लेट' मराठीत आणलं तेव्हा नाव ठेवलं 'विकारविलसित'. विकार म्हणजे मनातली खळबळ आणि विकार म्हणजे आजारही. एका शब्दात दोन्ही आलं. आजोबांच्या कपाटातली ती प्रत तू नेली होतीस, अजून परत आलेली नाही.

आता फॅशनचं. तू म्हणतोस ते खोटं नाही. बेन जॉन्सनच्या १५९८ च्या नाटकातला एक बावळट तरुण, उदास बसायला एखादं स्टूल मिळेल का, असं विचारतो. आयझॅक ऑलिव्हरच्या लघुचित्रातला काळ्या कपड्यांतला तरुण झाडाखाली हातांची घडी घालून बसलाय, तोही मुद्दाम तसा रंगवून घेतलेला. पण अभय, फॅशन म्हटलं की प्रश्न मिटत नाही. लोक कशाची नक्कल करतात? ज्याला मान असतो त्याची. उदासीला हा मान कुणी दिला, ते तू विचारलंच नाहीस.

फ्लॉरेन्समध्ये फिचिनोने १४८९ साली विद्वानांच्या प्रकृतीवर पुस्तक लिहिलं. थोर माणसं विषादी प्रकृतीची का असतात, हा अॅरिस्टॉटलच्या नावावर असलेला जुना प्रश्न त्याने पुन्हा वर काढला आणि शनीच्या प्रभावाखालचा खिन्न माणूस बुद्धीने मोठा ठरला. बुद्धी पुरुषाची, हे कुणी वेगळं सांगायची गरजच नव्हती. बाईचं तेच दुःख गर्भाशयाचा रोग झालं. १६०३ साली लंडनच्या एडवर्ड जॉर्डन या डॉक्टराने त्यावर पुस्तिकाच लिहिली. बाप हॅम्लेटचाही मरतो आणि ऑफिलियाचाही. त्याला स्वगतं मिळतात, तिला तुटकी गाणी, फुलं आणि ओढ्याचं पाणी. वर्गात मी हे तीस वर्षं सांगत आले.

पण इतक्या वर्षांत दुसरी बाजू मी पुरेशी सांगितली नाही, असं आता वाटतं. तो मान हॅम्लेटसारख्या राजपुत्रापुरता होता, आणि त्यालाही चुलता भर दरबारात सुनावतोच, की इतका शोक पुरुषाला शोभत नाही. लेअर्टिस बहिणीसाठी, ऑफिलियासाठी, रडतो आणि म्हणतो, हे अश्रू संपले की माझ्यातली बाई संपली. म्हाताऱ्या लिअरला हुंदका दाटून येतो, तेव्हा तो त्याला नाव देतो बायकांच्या त्याच गर्भाशयाच्या रोगाचं. एवढा राजा, पण स्वतःच्या दुःखाला पुरुषाचा म्हणून शब्द त्याच्यापाशी नाही.

आणि 'मॅकबेथ'मधला मॅकडफ. तू त्याला व्याख्यानात घेतलेलं नाहीस, तो आधी घे. साधा लढवय्या माणूस, ना तत्त्वज्ञ ना कवी. परमुलखात त्याला निरोप मिळतो, की बायको, मुलं, नोकरचाकर सगळे कापले गेले. तो टोपी डोळ्यांवर ओढून घेतो. टोपी ओढू नको, दुःखाला शब्द दे, असं माल्कम म्हणतो, पण पुढच्याच क्षणी सुडाची भाषा सुरू. मॅकडफ पुन्हा पुन्हा विचारत राहतो, मुलंही? सगळी? माल्कम सांगतो, पुरुषासारखा तोंड दे. मॅकडफचं उत्तर असं, की देईन, पण ते मला पुरुषासारखं सोसायलाही हवं. सगळ्या नाटकात याहून मोठं वाक्य मला दिसत नाही. पण सोसायला त्याला मिळतं किती? पानभरसुद्धा नाही. त्या दुःखावर तलवारीला धार लावून घे, असं सांगून त्याला लढाईला नेतात. आणि तो जातो.

तुझे बाबा गेले त्या दिवशी स्मशानातून आल्यावर तू पुन्हा खाली गेलास. दूध आणायला, म्हणालास. मी गॅलरीत होते. तू हेल्मेट घातलंस, काच खाली ओढलीस आणि स्कूटर सुरू न करता तसाच बसून राहिलास. बराच वेळ. मग हेल्मेट काढून, दूध न आणताच वर आलास आणि फुलांचे पैसे किती द्यायचे ते विचारलंस. तुला कुणी काही बोललं नाही. उलट तेरा दिवस जो तो येऊन तेच सांगत होता, आता घरातला पुरुष तूच. मीही म्हणाले, 'आता तूच आधार.' जन्मभर मॅकडफ शिकवलेली मी, आणि तुला हे म्हणाले. ते मला मागे घ्यायचंय.

बर्टनची कोणती आवृत्ती घेऊ, हेही विचारलं होतंस. कोणतीही चालेल, पूर्ण असली की झालं. ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजात त्याचं आयुष्य गेलं, १६२१ साली विषादावरचा ग्रंथ काढला आणि १६४० मध्ये मरेपर्यंत तो त्यात भरच घालत राहिला. विषाद टाळायलाच विषादावर लिहितो, असं त्यानेच कबूल केलंय. तुझं रात्री तीनपर्यंतचं वाचन आठवलं की मला तो दिसतो. शेवटी मात्र तो वाचकाला एकटेपणा आणि रिकामपण या दोन्हींपासून दूर राहायला सांगतो. तू रिकामा नाहीस, ते मला ठाऊक आहे.

रविवारी ये. व्याख्यान घेऊन ये किंवा नको आणूस. डाळिंब्यांची उसळ करते. बाबांबद्दल बोलावंसं वाटलं तर बोल, नाहीतर नुसता बस, मी काही विचारणार नाही. आणि झोपेसाठी डॉक्टरांना दाखवलंस का, ते खरं सांग. सुमाला विचारलं तर ती तुझीच बाजू घेईल, म्हणून तुला विचारतेय.

तुझी,
मावशी