दूध आटलं की झडप थकली?
मारुंजीहून हिंजवडीच्या कंपनीत बाळंतपणानंतर पुन्हा रुजू झालेल्या बाईच्या स्तनपंपात दूध कमी येऊ लागलं, की घरात लगेच निष्कर्ष निघतो: दूध आटलं. मला तो घाईचा वाटतो. मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवड्यांची पगारी रजा दिली. पंप रजेतच सुरू झाला असेल, तर रजा संपेपर्यंत त्यातली सिलिकॉनची इवलीशी झडप थकलेली असते. ती उजेडात धरून पाहावी. तिच्या चोचीसारख्या टोकाची फट मिटत नसेल, कड फाटली असेल, तर मोटर कितीही घरघरली तरी ओढ लागत नाही. मग दूध स्तनात साठून राहतं, आणि साठलं की शरीर खरोखरच कमी बनवतं. चुकीचं निदान असं खरं ठरतं.

‘रोज उकळतो की’, असं कुणी म्हणेल. उकळल्याने जंतू मरतात. ताणलेलं सिलिकॉन पूर्ववत होत नाही. खर्चाची तक्रार रास्त आहे, पण बदलायची आहे ती झडप, अख्खा पंप नव्हे. दिवसातून अनेकदा पंप वापरणारीने ती महिन्या-दोन महिन्यांनी बदलावी. नळीत बुरशी दिसली तर नळी सरळ टाकून द्यावी. नव्या झडपेनेही फरक पडला नाही, तर मात्र डॉक्टरांना विचारावं.