नवा लॅपटॉप आधी स्वच्छ करा

दसरा-दिवाळीला नवा लॅपटॉप घेतलेली मंडळी थोड्याच दिवसांत माझ्याकडे येतात आणि बहुतेकांची तक्रार एकच असते. यंत्र कोरं आहे, तरी सुरू व्हायला वेळ घेतं आणि पडद्याच्या कोपऱ्यात सतत सूचना येत राहतात. हार्डवेअरमध्ये सहसा दोष नसतो. कारखान्यातून निघतानाच त्यावर मुदतीचा अँटीव्हायरस, खेळ, खरेदीच्या साइटींचे शॉर्टकट आणि कंपनीचे स्वतःचे मदतनीस प्रोग्राम बसवलेले असतात. यालाच ब्लोटवेअर म्हणतात. संगणकांच्या देखभालीचं काम करताना माझं एक मत पक्कं झालं आहे. यंत्र मंदावतं हे यातलं सर्वांत किरकोळ नुकसान आहे.

हे सॉफ्टवेअर तिथे येतं त्यामागे सरळ हिशेब असतो. लॅपटॉपच्या विक्रीत नफा थोडा सुटतो. आपला प्रोग्राम नव्या यंत्रावर आधीच असावा म्हणून सॉफ्टवेअर कंपन्या उत्पादकांना पैसे देतात. मुदत संपल्यावर काही ग्राहक वर्गणी भरतात, त्यातून तो खर्च निघतो. या व्यवहारात ग्राहकाला कुणी विचारत नाही.

त्याचा धोका किती मोठा असू शकतो, हे लेनोवोच्या प्रकरणानं जगाला दाखवलं. 2014 मध्ये या कंपनीनं घरगुती वापराच्या अनेक लॅपटॉपवर सुपरफिश कंपनीचा ‘व्हिज्युअल डिस्कव्हरी’ हा प्रोग्राम बसवला. ग्राहक एखादी वस्तू पाहत असला की तशाच वस्तूंच्या जाहिराती दाखवणं हे त्याचं काम. पण बँका आणि दुकानांच्या साइटी सांकेतिक स्वरूपात माहिती पाठवतात, तिच्यात बाहेरच्याला जाहिरात घुसवता येत नाही. त्यासाठी या प्रोग्रामनं विंडोजमध्ये स्वतःचं रूट सर्टिफिकेट घातलं. समोरची साइट खरोखर आपल्या बँकेचीच आहे, ही खात्री ब्राउझर अशाच सर्टिफिकेटांच्या भरवशावर देतो. म्हणजे ग्राहक आणि बँक यांच्या मध्ये एक तिसरा येऊन बसला, आणि ब्राउझर मात्र कुलपाचं चिन्ह दाखवत राहिला.

त्याहून गंभीर गोष्ट पुढे होती. या सर्टिफिकेटची गुप्त किल्ली सगळ्या लॅपटॉपवर एकच होती आणि ती यंत्रातच ठेवलेली होती. फेब्रुवारी 2015 मध्ये रॉबर्ट ग्रॅहॅम या सुरक्षा-तज्ज्ञानं तिचा पासवर्ड काही तासांत शोधला. तो होता ‘कोमोडिया’, म्हणजे हे तंत्र पुरवणाऱ्या कंपनीचंच नाव. आता सार्वजनिक वायफायवर बसलेल्या कुणालाही अशा लॅपटॉपसमोर कोणत्याही बँकेची बनावट साइट खरी म्हणून उभी करता आली असती. प्रोग्राम काढला तरी सर्टिफिकेट मागे राहत होतं. अखेर मायक्रोसॉफ्टनं विंडोज डिफेंडरमार्फत दोन्ही काढायची सोय केली. 2017 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी आणि 32 राज्यांशी लेनोवोनं तडजोड केली. राज्यांना 35 लाख डॉलर द्यावे लागले आणि आधीच बसवलेल्या सॉफ्टवेअरची सुरक्षा वीस वर्षं तपासत राहण्याचं बंधन आलं.

हा एकाच कंपनीचा दोष म्हणून सोडून देता येत नाही. 2015 च्याच नोव्हेंबरमध्ये डेलच्या संगणकांवर ‘ई-डेल-रूट’ नावाचं तसंच सर्टिफिकेट गुप्त किल्लीसह सापडलं. तिथे हेतू जाहिरातीचा नव्हता, ग्राहकसेवेचा होता, तरी धोका तोच होता. 2016 मध्ये ड्युओ लॅब्जच्या संशोधकांनी एसर, असुस, डेल, एचपी आणि लेनोवो यांचे अपडेट करणारे प्रोग्राम तपासले. प्रत्येक कंपनीच्या प्रोग्राममध्ये यंत्राचा पूर्ण ताबा घेऊ देणारी किमान एक फट निघाली. असे प्रोग्राम सर्वोच्च अधिकारानं चालतात. म्हणून न वापरला जाणारा प्रत्येक प्रोग्राम मी उघडं राहिलेलं दार समजतो.

आता करायचं काय? मी ज्या क्रमानं काम करतो तोच सांगतो. लॅपटॉपसोबत ऑफिस मिळालं असेल, तर ते आधी आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडून घ्या. त्याचे पैसे तुम्ही भरलेले आहेत. डिस्क एन्क्रिप्ट असेल तर बिटलॉकरची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. मग सेटिंग्जमधल्या इन्स्टॉल्ड अ‍ॅप्सची यादी उघडा. मुदतीचा अँटीव्हायरस, खेळ, कूपन आणि खरेदीचे प्रोग्राम, ‘वेग वाढवणारे’ प्रोग्राम काढून टाका. अँटीव्हायरस गेला की विंडोजचा स्वतःचा डिफेंडर काम हाती घेतो, घरगुती वापराला तो पुरेसा आहे. ग्राफिक्स, वायफाय, टचपॅड, आवाज यांच्या ड्रायव्हरना हात लावू नका. बायोस अपडेट करणारा कंपनीचा एक प्रोग्राम राहू द्या, मात्र तो अद्ययावत ठेवा. एखादं नाव ओळखीचं नसेल तर आधी शोधा, मग काढा. एका फटक्यात सगळं साफ करणाऱ्या, इंटरनेटवरून उतरवलेल्या स्क्रिप्ट चालवू नका. त्या विंडोजचे गरजेचे भागही उखडतात.

सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे विंडोज नव्यानं टाकणं. मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल आणि 8 जीबीचा पेनड्राइव्ह एवढं पुरतं. विंडोजसह विकलेल्या अलीकडच्या लॅपटॉपचा परवाना मदरबोर्डमध्येच नोंदलेला असतो, त्यामुळे की टाइप करावी लागत नाही. वायफायचा ड्रायव्हर मात्र आधी दुसऱ्या पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा. नुसतं रीसेट केलं तर कंपनीनं ठेवलेले प्रोग्राम परत येऊ शकतात.

तरीही हे काम ग्राहकावर का पडावं, हा प्रश्न उरतोच. युरोपीय संघानं डिजिटल मार्केट्स अ‍ॅक्टमध्ये आधी बसवलेले प्रोग्राम सहज काढता येण्याचा हक्क दिला. त्यानंतर 2024 मध्ये तिथल्या विंडोजमध्ये एज ब्राउझरसुद्धा काढायची सोय आली. आपल्याकडच्या विंडोजमध्ये ती दिलेली नाही. भारतीय स्पर्धा आयोगानं 2022 मध्ये गूगलला 1337.76 कोटी रुपयांचा दंड करताना मोबाइलवरचे असे अ‍ॅप काढू देण्याचा आदेश दिला होता. 2023 मध्ये अपील न्यायाधिकरणानं दंड कायम ठेवला, पण तो आदेश रद्द केला.

असा हक्क आपल्याकडे कायद्यानं मिळायला हवा, संगणकांनाही आणि मोबाइललाही. तोवर खरेदी करताना दुकानदाराला विचारा की यावर काय काय बसवलेलं आहे आणि त्यातलं काय काढता येतं. आणि लॅपटॉप घरी आला की बँकेचा पासवर्ड त्यावर टाइप करण्याआधी त्याची साफसफाई करा.