इन्सुलिन हातातच हवे

परीक्षा संपल्या की इंदूरच्या मराठी घरांना कुलुपे लागू लागतात. पूर्वी अवंतिका एक्सप्रेसची तिकिटे मिळाली की प्रवासाची चिंता मिटायची. आता बरीच मंडळी विमानाने जातात, आणि आजी-आजोबा तर मुलांकडे थेट परदेशी जाऊन येतात. यातल्या कितीतरी बॅगांमध्ये साखरेचे औषध असते. आमच्या बॅगेत ते मुलीसाठी असते. २०१९ साली, ती दुसरीत असताना, तिला टाइप वन मधुमेह झाल्याचे कळले. तेव्हापासून दिवसातून चार वेळा इन्सुलिन घेणे हा तिच्या दिनक्रमाचा भाग आहे. तिच्यासोबत आम्ही उभयतांनी आजवर अनेक विमानप्रवास केले. या विषयावर पालक आम्हाला वरचेवर विचारतात, म्हणून हे चार शब्द.

इन्सुलिनची गोळी नसते, कारण ते प्रथिन आहे आणि पोटात गेल्यावर अन्नासारखे पचून जाते. म्हणून ते सहसा टोचूनच घ्यावे लागते. १९२१ साली टोरांटोत त्याचा शोध लागला आणि जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा देण्यात आले. आमच्या मुलीला ही गोष्ट फार आवडते, कारण तो मुलगा जवळजवळ तिच्याच वयाचा. प्रथिन असल्यामुळेच त्याला उष्णता सोसत नाही आणि गोठणेही सोसत नाही. न उघडलेली कुपी किंवा पेन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये, म्हणजे फ्रिजमध्ये ठेवायचे. एकदा वापरायला काढले की बहुतेक प्रकारची इन्सुलिने ३० अंशांखाली साधारण चार आठवडे चांगली राहतात. काहींची मर्यादा २५ अंश आहे, काहींची मुदत वेगळी आहे, तेव्हा आपल्या खोक्यातला कागद वाचावा.

चार आठवड्यांची ही गोष्ट कळली तेव्हा आमचा निम्मा जीव भांड्यात पडला. कारण प्रवासाला निघताना जो तो एकच सल्ला देतो, “बर्फात ठेवा हो!” सल्ला प्रेमाचा असतो, पण घातक असतो. बर्फाला किंवा गोठवलेल्या जेल पॅकला थेट चिकटलेली कुपी गोठू शकते. गोठून वितळलेले इन्सुलिन पुष्कळदा दिसायला अगदी पूर्वीसारखेच असते, काम मात्र नीट करत नाही. मग साखर का चढते आहे याचा घरात कोणालाच उलगडा होत नाही. आम्ही जेल पॅक टॉवेलमध्ये गुंडाळतो, मध्ये पुठ्ठा घालतो आणि शेजारी एक छोटा डिजिटल थर्मामीटर ठेवतो. हॉटेलच्या छोट्या फ्रिजमध्ये ठेवायची वेळ आली तर बर्फाच्या कप्प्यापासून दूर, दाराच्या फळीत ठेवतो.

आता विमानाबद्दल. इन्सुलिन चेक-इनच्या बॅगेत कधीही टाकू नये. सामानाच्या कक्षात किती थंडी असेल ते आपल्या हाती नसते, शिवाय बॅग उन्हात धावपट्टीवर थांबते, कधी चुकीच्या गावी जाते. कपडे दुसऱ्या दिवशी आले तर चालतात. एका विमानतळावर काउंटरवरच्या तरुणाने आमची निळी पिशवी “खाली टाका, जागा नाही” म्हणून मागितली होती. आम्ही काही बोलण्याआधी मुलीनेच डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली आणि म्हणाली, “दादा, यात माझे औषध आहे, हे माझ्याजवळच राहते.” तो बिचारा वरमला. चिठ्ठीवर मुलीचे नाव, औषधांची नावे, आणि सुया, पेन व मीटर सोबत लागतात असे लिहिलेले असावे. औषधे मूळ खोक्यांतच न्यावीत. तपासणीत सीआयएसएफच्या जवानांना आम्ही आधीच सांगतो. एक्स-रे यंत्रातून इन्सुलिन गेले तरी त्याला काही होत नाही.

हवाई सुंदरीला “जरा तुमच्या फ्रिजमध्ये ठेवता का?” असे विचारण्याचा मोह होतो. विचारू नये. विमानात खाण्यापिण्याच्या गाड्या थंड ठेवायला पुष्कळदा कोरडा बर्फ वापरतात आणि त्याचे तापमान उणे ७८ अंश असते. विमानात आपल्या पायापाशी असलेली पिशवी हीच उत्तम जागा. एक बारीक गोष्ट : वर गेल्यावर केबिनमधला हवेचा दाब कमी होतो, त्यामुळे पेनमध्ये बुडबुडे येऊ शकतात. सुई लावलेली ठेवू नये, आणि डोस घेण्याआधी दोन युनिट हवेत सोडून पाहावीत.

परदेशी जाणाऱ्या आजी-आजोबांसाठी आणखी एक. आपल्याकडे कुपीतले इन्सुलिन बहुधा एका मिलीलीटरला ४० युनिट असते आणि त्याची सिरिंज लाल टोपणाची. अमेरिकेत १०० युनिटचे चालते, त्याची सिरिंज नारिंगी टोपणाची. तिथले इन्सुलिन इथल्या सिरिंजमध्ये भरून नेहमीच्या खुणेपर्यंत घेतले तर डोस अडीचपट होईल. म्हणून सिरिंजांसकट सगळा साठा इथूनच न्यावा, तोही लागेल त्याच्या दुप्पट.

खरे सांगायचे तर विमानातले दोन तास आम्हाला कधीच अवघड गेले नाहीत. अवघड असते ती जमीन. उन्हात उभी असलेली टॅक्सी, उशिरा सुटणारे विमान, वीज गेलेली धर्मशाळा. २०२३ च्या मे महिन्यात आम्ही कुलदेवतेच्या दर्शनाला गोव्याला गेलो. मुंबईत विमान बदलायचे होते, ते चार तास उशिरा आले. जेल पॅक केव्हाच कोमट झाले. मुक्कामी पोहोचलो तर वीज नाही. तिथल्या आजींनी एक मातीचे मडके आणून दिले. ते ओले करून, आत कोरड्या वाटीत पेने ठेवून वर ओले फडके टाकले. हे आम्हाला नवे नव्हते, घरी वीज गेली की आम्ही हेच करतो. मात्र फरक लक्षात आला. आमच्या माळव्याची हवा कोरडी, पाणी भराभर उडते, म्हणून मेमध्ये खोलीत ३६ अंश असताना मडक्यात २६ दाखवते. गोव्याच्या दमट हवेत खोलीत ३२ आणि मडक्यात २९. रात्रभर आम्ही आळीपाळीने थर्मामीटर पाहत बसलो. पहाटे वीज आली, तोपर्यंत काटा तिशीच्या आतच होता. पाण्यात भिजवून वापरायच्या ज्या फ्रिओ नावाच्या पिशव्या मिळतात त्यांचेही तत्त्व हेच, आणि दमट हवेत त्यांचीही तीच अडचण. शब-ए-मालवाचे कौतुक आम्ही इंदूरकर नेहमीच करतो, त्या रात्री त्याची किंमत कळली!

मीटरच्या पट्ट्या, थायरॉइडच्या गोळ्या, काचबिंदूचे काही थेंब, सांधेदुखीची काही इंजेक्शने यांनाही गरमी बाधते. नियम तोच, खोक्यावरचे तापमान वाचायचे आणि सामान स्वतःजवळ ठेवायचे.

हे सारे लिहिण्यामागे एक कारण आहे. मागे एका खासगी सहल-आयोजकाने फॉर्मवरची आजाराची ओळ वाचून “तिला पुढच्या वर्षी पाठवा” असे सांगितले होते. पुढच्या वर्षीही तेच उत्तर. मुलगी काही बोलली नाही, फक्त आणलेली नवी टोपी तिने कपाटात वर ठेवून दिली. म्हणून यंदा आपल्या शाळेची सहल विमानाने हैदराबादला जाणार असे कळले, तेव्हा आम्ही बाईंना भेटून सोबत येऊ का असे विचारले. त्या म्हणाल्या, “तुम्ही नका येऊ. मला शिकवा.” दोन संध्याकाळी त्या घरी आल्या, पेन लावायला शिकल्या, साखर उतरली की काय दिसते ते विचारून घेतले. साठ्याचे दोन भाग केले. अर्धा मुलीच्या निळ्या पिशवीत, अर्धा बाईंच्या पर्समध्ये, म्हणजे एक पिशवी हरवली तरी दुसरी असेल.

गोवळकोंड्याच्या पायऱ्या चढताना साखर उतरणार हे ठाऊक होतेच. वर पोहोचल्यावर तिने मीटर काढले, ६८ आली. तीन चमचे ग्लुकोज पाण्यातून घेतले, पंधरा मिनिटे सावलीत बसून पुन्हा तपासले, तेव्हा ९८. बाईंनी तेवढ्यात आम्हाला फोन लावला होता. पलीकडून मुलीचा आवाज आला, “आई, सगळे ठीक आहे, आता ठेव, फोटो काढायचाय.” फोटोत ती पहिल्या रांगेत आहे, डोक्यावर तीच टोपी आणि खांद्याला निळी पिशवी.