प्लास्टिकचं गवत आणि गणपतीच्या दूर्वा



इथे आपल्या बडोद्याच्या वाड्यांच्या, पंगतींच्या, जुन्या गणपतींच्या आठवणी वाचायला मिळतात. मी आज जरा घरगुती आणि हल्लीचंच लिहितोय. वय 74, एम. एस. युनिव्हर्सिटीचा बी.कॉम., बँकेतून निवृत्त. हातात हातोडी क्वचितच धरलेली. पण गेल्या दिवाळीनंतर घरच्या अंगणात कृत्रिम गवत मी स्वतः बसवलं. का आणि कसं, ते सांगतो.

आमचं टेनामेंट 1979 सालचं. पुढे 16 बाय 12 फुटांचं अंगण, कोटा फरशीचं. गेल्या वर्षी पावसाळ्यात त्या ओल्या फरशीवर सौ. घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, वॉकर आला. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. पण ती उंबऱ्याशी यायची आणि थांबायची. फरशी कोरडी असली तरी थांबायची. हाड जुळलं, पायातली भीती काही जाईना. चाळीस वर्षं ज्या अंगणात सडा घातला, ते आता खिडकीतून बघायचं.

खरी हिरवळ लावावी असं मलाही वाटलं. कमाटीबागेच्या हिरवळीवर अनवाणी धावलेली आमची पिढी. पण त्यासाठी फरशी उखडा, माती टाका, रोज पाणी घाला. आणि ओल्या मातीत वॉकरचे पाय रुततात. म्हणून प्लास्टिकचं. सौ. म्हणाली, "अहो, मग गणपतीला दूर्वाही प्लास्टिकच्याच वाहायच्या का?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो विषय तेव्हा मनात ठेवला.

दुकानदार 40 मिलिमीटरचं दाट, गुबगुबीत गवत दाखवत होता. दिसायला सुरेख, पण त्यात पाऊल रुततं. फिजिओथेरपिस्टला विचारून 20 मिलिमीटरचं आखूड गवत घेतलं. रोल 2 मीटर रुंद, म्हणजे सुमारे साडेसहा फूट. 16 फुटी दोन पट्ट्या, 208 चौरस फूट. हवं होतं 192. दुकानदाराने विचारलं, "काका, माणस मोकलुं?" म्हटलं, "ना भाई, हुं ज करीश." मजुरीचे पैसे वाचावेत हा हेतू नव्हता. तिचं पाऊल जिथे पडणार ती जागा माझ्या हाताखालून जायला हवी होती.

आधी फरशी घासली. बादलीभर पाणी ओतून कुठे साचतं ते पाहिलं. दोन खळगे सिमेंटने भरले, उतार फाटकाकडच्या जाळीकडे आहे याची खात्री केली. रोल अर्धा दिवस उन्हात पसरून ठेवला, त्याने घड्या बसतात. दोन्ही पट्ट्यांची पाती एकाच दिशेला झुकलेली हवीत, नाहीतर मधोमध दोन रंग दिसतात. कापायचं ते उलटं करून, पाठीमागून, धारदार कटरने. पाती शाबूत राहतात.

खरी परीक्षा सांध्याची. दोन कडा भिडवून खाली जोडपट्टी, तिच्यावर गोंद, वर विटा आणि स्वयंपाकघरातला पाटा. रात्रभर तसंच ठेवलं. चारी कडाही चिकटवल्या. आमच्या लेजरच्या काळात खातं टॅली झाल्याशिवाय शाखा सोडायची नाही अशी शिस्त होती. इथे तर उचललेल्या कडेत वॉकर अडकला असता. दुसऱ्या दिवशी सांध्यावरून अनवाणी, डोळे मिटून चाललो. पायाला काही लागलं नाही तेव्हा काम संपलं. शेवटी बारीक कोरडी वाळू पसरून खराट्याने उलट दिशेला झाडलं, म्हणजे पाती उभी राहतात. एकूण चार दिवस. रोज दोन तास काम, बाकी वेळ पाठ शेकणं.

दूर्वांचं काय? तिचा वाफा जमिनीत होता, आता तिला वाकता येत नाही. म्हणून त्याच दूर्वा एका लांबट कुंडीत लावल्या आणि कुंडी कमरेएवढ्या कट्ट्यावर ठेवली, अंगणाच्या पार टोकाला. जवळ ठेवता आली असती. मुद्दामच ठेवली नाही. पहिले चार दिवस तिने मलाच पाणी घालायला लावलं. पाचव्या दिवशी म्हणाली, "तुम्ही फार ओतता हो, मुळं कुजतील," आणि वॉकर घेऊन निघाली. मी दारातच उभा राहिलो.

गवताची उणी बाजूही सांगायला हवी. बडोद्याच्या मे महिन्यात दुपारी हे गवत इतकं तापतं की अनवाणी पाय ठेववत नाही. पाणी शिंपडलं तर थोडाच वेळ निवतं. त्यामुळे चालणं सकाळी किंवा दिवस मावळल्यावर. मातीचा वास नाही, फुलपाखरू फिरकत नाही. खराटा आणि धुणं चुकत नाही.

यंदा गणपतीला 21 दूर्वांची जुडी तिने स्वतः खुडून आणली. वॉकर आता कोपऱ्यात आहे, काठी पुरते. पण रोजच्या चालण्याचं श्रेय गवतापेक्षा दूर्वांनाच, असं तिचं म्हणणं. मी वाद घालत नाही.

आपल्यापैकी कुणाच्या घरी पडण्याच्या भीतीने कुणी आत बसून असेल, तर अंगण जरूर तयार करा, गवताचं असो वा कशाचं. आणि पलीकडच्या टोकाला त्यांच्या आवडीचं काहीतरी ठेवा.