पाण्यावरची स्कूटर

मासा आणि मी यांचा संबंध आयुष्यभर ताटापुरता होता. तो तळलेला आणि मी हात धुऊन बसलेला, याच अवस्थेत आमची गाठ पडायची. मासे आणायचं खातं सौ.कडे. लग्नानंतर एकदाच मी बाजारात गेलो आणि कोळणीला "ताजे आहेत ना?" असं विचारून बसलो. त्यावर तिने माझे डोळे, माझी अक्कल आणि मला वाढवणारे आईवडील या तीन विषयांवर जे व्याख्यान दिलं, त्यानंतर त्या दिशेला मी फिरकलो नाही.

असा मी, वयाच्या ६६व्या वर्षी, पहाटे साडेपाच वाजता, न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या किनाऱ्यावर काळा रबरी पोशाख अंगावर चढवून उभा होतो. "अहो, छत्रीला खोळ घातल्यासारखे दिसताय," असा आशीर्वाद सौ.ने निघतानाच दिला होता.

समोर चिरंजीवांची जेटस्की. हे खरं म्हणजे कावासाकी कंपनीने १९७३ साली बाजारात आणलेल्या यंत्राचं नाव. पण कुठल्याही वनस्पती तुपाला आपण डालडा म्हणायचो, तसं ते सगळ्या जातीला चिकटलं. आपल्या चौपाट्यांवर हिला वॉटर स्कूटर म्हणतात, आणि ते जास्त खरं आहे. लांब सीट, हँडल, मागे बसणाऱ्याची पंचाईत, सगळं स्कूटरचंच. फक्त चाकं नाहीत. पोटातला पंखा खालून पाणी ओढतो आणि मागच्या तोंडातून जोरात फेकतो. त्या फेकीची दिशा बदलली की गाडी वळते. चिरंजीवांच्या गाडीला शिवाय मागे बर्फाची पेटी, गळाच्या काठ्या उभ्या ठेवायला नळकांडी आणि पुढे पाण्याखालचे मासे दाखवणारा छोटा पडदा.

या गाडीवरून आमच्यात अबोला झाला असं म्हणता येणार नाही, कारण आधीही फारसं बोलणं नव्हतं. आमच्या पिढीत बाप बोलला म्हणजे रागावला असं समजायचे, आणि बहुधा ते बरोबर असायचं. गाडी घेतल्याचं त्याने फोनवर मोठ्या हौसेने सांगितलं, तेव्हा मी फक्त किंमत विचारली आणि म्हणालो, "एवढ्यात इथे एक खोली झाली असती." पलीकडे शांतता. तेव्हापासून फोनवर हवामान आणि माझं ब्लडप्रेशर एवढेच विषय उरले. म्हणून आदल्या रात्री जेवताना तो अचानक "बाबा, उद्या येता का?" म्हणाला, तेव्हा सौ.ने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला आणि मी "येतो" असं ओरडलो.

"घट्ट धरा बाबा."

"काय धरू?"

"मला धरा."

धरलं. ही बैठक मला ओळखीची होती, फक्त जागा बदलल्या होत्या. माझ्या बजाजवर मागे बसून हा शाळेला यायचा, तेव्हा त्याचे हात माझ्या कमरेला अर्धेच पुरायचे. आता माझे हात त्याच्या कमरेला पुरेनात. न्यूझीलंडचं लोणी त्याला मानवलेलं दिसलं.

किनाऱ्यापासून २०० मीटरच्या आत पाच नॉटच्या वर जायचं नाही असा तिथे नियम आहे. म्हणजे ताशी जेमतेम नऊ किलोमीटर. हा वेग मला पुढेही चालला असता. पण २०० मीटर संपले आणि सुमारे ६०० वर्षांपूर्वी ज्वालामुखीने समुद्रातून वर काढलेलं रांगिटोटो बेट आमच्या अंगावर धावून आलं. मी भीमरूपी सुरू केलं ते रामरक्षेत संपलं.

मग इंजिन बंद झालं. दूरवर पिवळसर डोक्याचे पांढरे गॅनेट पक्षी पंख मिटून बाणासारखे पाण्यात पडत होते.

"खाली लहान माशांचा थवा आहे, बाबा. पक्षी वरून खातात, डॉल्फिन बाजूने, आणि सांडलेलं उचलायला तळाशी स्नॅपर."

म्हणजे पंगतीची व्यवस्था चोख होती. तो भरती सांगत होता, वारा सांगत होता, रबरी मासा गळाला कसा लावायचा ते दाखवत होता. त्याला इतकं बोलताना मी दहावीनंतर पाहिलं नव्हतं.

आणि दोरी ताणली गेली! बँकेत ३६ वर्षं मी फायली ओढल्या; पण पलीकडून कुणी आपल्याला ओढतंय, हा अनुभव पहिलाच. मी उभा राहिलो, गाडी कलली, मी बसलो, पुन्हा उभा राहिलो. शेवटी गुलाबी अंगावर निळे ठिपके मिरवत महाशय वर आले. पट्टीवर निजवले. नाकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत २९ सेंटिमीटर. त्या भागात स्नॅपर ३० सेंटिमीटरचा हवा, त्याहून लहान असला तर परत पाण्यात. आणि माणशी रोजचे सातच. मी शेपूट जरा पुढे ओढून पाहिलं.

"बाबा!"

एसटीच्या अर्ध्या तिकिटासाठी मी याचं वय एक वर्ष कमी सांगितलं, तेव्हाही हा कंडक्टरसमोर असाच ओरडला होता. मासा परत गेला. तासाभराने ३४ सेंटिमीटरचा आला, आणि मग मला घरी जायचंच नव्हतं.

परतताना मी त्याच्या पाठीमागून म्हणालो, "गाडी घेतलीस ते बरं केलंस." तो काही बोलला नाही. पण पोट हसलेलं माझ्या हातांना कळलं.

घरी सौ.ने मासा उलटापालटा करून विचारलं, "ताजा आहे ना?"

चाळीस वर्षांनी त्या कोळणीचं दुःख मला समजलं.

त्यानंतरच्या तीन महिन्यांत आम्ही अकरा वेळा गेलो. आता मी पुण्यात आहे. आमच्या फोनवर अजूनही हवामानच असतं. फक्त आता वारा कुठला, भरती किती वाजता, हे मी विचारतो. आणि ब्लडप्रेशर विचारायचं त्याच्याकडून राहून जातं.