गाळलेलं पाणी

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरणाचं शिक्षण शाळांतून सक्तीचं करावं, असं सांगितलं. बेळगावच्या आमच्या मराठी शाळेत मी तो विषय शिकवायचे आणि ‘पाणी वाचवा’चे तक्ते मुलींकडून थर्माकोलवर करून घ्यायचे!

एकदा आजीची आठवण सांगितली. आम्हा जैनांच्या रीतीप्रमाणे ती विहिरीचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळायची आणि फडक्यात अडकलेले जीव त्याच विहिरीत हळूच परत सोडायची.

एका मुलीनं विचारलं, “बाई, आता नळाचं पाणी. ते जीव सोडायचे कुठं?”

मला उत्तर सुचेना. वर्गाला घेऊन शाळेमागच्या जुन्या विहिरीवर गेले. पाण्यावर थर्माकोलचे तुकडे तरंगत होते. ते आपल्याच तक्त्यांचे, हे मुलींना सांगावंच लागलं.

तक्ते त्या दिवसापासून बंद केले.